मॅडमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये मला जागा का नाही?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी महाराष्ट्रातली, अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. तिच्या अ‍ॅडव्हायजर, म्हणजे गाइड, ब्लॅक आहेत, असोसिएट प्रोफेसर, अख्ख्या डिपार्टमेंटमधल्या एकमेव ब्लॅक बाई. कामात एक नंबर, वागायला प्रेमळ, पण ड्राफ्ट परत यायला पाच-सहा आठवडे लागतात. दर रविवारी दुपारी त्यांच्या घरी ब्लॅक पीएचडी विद्यार्थिनींचा रायटिंग ग्रुप जमतो, वेगवेगळ्या डिपार्टमेंटच्या मुली येतात, लिहितात, जेवतात, इन्स्टावर फोटो येतात. हिने एकदा विचारलं, मी पण येऊ का? मॅडम म्हणाल्या, ही जागा त्या मुलींची आहे, त्यांना विचारून सांगते. नंतर विषयच निघाला नाही. तिचं म्हणणं: "मी पण ब्राउन आहे, मी पण घरापासून लांब आहे, मग मी बाहेरची कशी? ही सरळसरळ पार्शालिटी नाही का?" एका मित्राने सल्ला दिलाय की युनिव्हर्सिटीत तक्रार टाक, आजकाल अशा गोष्टींची लगेच दखल घेतात. तिचा प्रश्न: तक्रार करू, अ‍ॅडव्हायजर बदलू, की गप्प बसू?

प्रिय मैत्रिणी,

ड्राफ्टला सहा-सहा आठवडे लागणं हा खरा त्रास आहे आणि त्याबद्दल तू बोललीस तर त्यात काहीही गैर नाही, हे आधीच सांगून टाकते. तिसऱ्या वर्षी चॅप्टर अडकला की त्याच्यामागे सगळंच अडकतं, प्रपोजल, फंडिंग, कॉन्फरन्स, वर घरून दर फोनला "झालं का गं तुझं?" ते वेगळंच. पण पत्रात तू या त्रासाचं खापर रविवारच्या ग्रुपवर फोडलंयस आणि तिथे मला जरा थांबावंसं वाटतंय. समजा मॅडमनी उद्या ग्रुप बंद केला, तर रविवारी दुपारी त्या तुझा चॅप्टर घेऊन बसतील का? मला नाही वाटत. रविवार दुपार त्यांच्या पगाराच्या वेळातली नाहीच, ती त्यांची स्वतःची आहे आणि ती कोणाला द्यायची ते त्याच ठरवणार. तुझा चॅप्टर अडकतोय तो सोमवार ते शुक्रवार, तर मग बघायचं ते हे की त्यांचे सोमवार ते शुक्रवार जातात कुठे.

मी काही वर्षं तिकडे शिकवत होते. आमच्या मजल्यावर एक ब्लॅक प्रोफेसर होत्या, त्यांच्या दारासमोर कॉरिडॉरमध्ये कायम कोणी ना कोणी मुलगी भिंतीला टेकून खाली बसलेली असायची, मांडीवर लॅपटॉप, दार उघडायची वाट बघत. यातल्या बऱ्याच जणी त्यांच्या क्लासला सुद्धा नसायच्या. एक केमिस्ट्रीतली होती, रात्री लॅबमध्ये काम करत असताना सिक्युरिटीवाल्याने फक्त तिचं आयडी कार्ड मागितलं, शेजारच्या गोऱ्या मुलाचं नाही, आणि ती दुसऱ्या दिवशी सगळं कॅम्पस ओलांडून इथे आली कारण तिच्या बिल्डिंगमध्ये हे सांगावं असं कोणीच नव्हतं. बाईंच्या टेबलावर टिश्यूचा डबा खुर्चीच्या बाजूला सरकवून ठेवलेला असायचा, आणि मागे स्क्रीनवर त्यांचा स्वतःचा पेपर उघडा, सकाळी ज्या परिच्छेदावर कर्सर होता त्यावरच संध्याकाळी पण. त्यात भर कमिट्यांची. डिपार्टमेंटला प्रत्येक कमिटीत "विविधता" दाखवायची असते आणि दाखवायला माणूस एकच, त्यामुळे हायरिंग कमिटीत त्याच, अ‍ॅडमिशनला त्याच, ब्रोशरच्या फोटोत पण त्याच!

अमाडो पाडिया नावाच्या स्टॅनफर्डच्या प्रोफेसरांनी १९९४ मध्ये या प्रकाराला कल्चरल टॅक्सेशन, म्हणजे सांस्कृतिक कर, म्हटलं होतं. कर बरोबर भरून घेतात, पण प्रमोशनच्या वेळी तो खात्यात दिसत नाही, तिथे पेपर, पुस्तक आणि ग्रँट मोजतात. तुझ्या मॅडम असोसिएट आहेत म्हणजे फुल प्रोफेसर होणं अजून बाकी आहे. अमेरिकेतल्या फुल प्रोफेसरांमध्ये ब्लॅक बायका साधारण दोन टक्के, लोकसंख्येत त्या सात टक्क्यांच्या आसपास. मधल्या पाच टक्क्यांमध्ये कॉरिडॉरमधल्या त्या दुपारी पण आहेत असं मला वाटतं.

म्हणजे मॅडमची चूक नाहीच असं मी म्हणत नाहीये. विद्यार्थी घेतला की त्याचे ड्राफ्ट वेळेत वाचायचे हे त्यांचं कामच आहे. फक्त तुझा वेळ कोणी खाल्ला याचं उत्तर शोधताना तू चुकीच्या दाराकडे बोट दाखवतेयस.

आता त्या ग्रुपबद्दल. तुला तो जेवणाचा, फोटोचा, हसण्या-खिदळण्याचा ग्रुप दिसतोय, आणि इन्स्टावर तेवढंच दिसणार. पण अशा ग्रुपना तिकडे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो मला तुला सांगायचाच आहे, कारण तो माहीत असता तर तू "पार्शालिटी" हा शब्द इतक्या सहज वापरला नसतास.

१९२१ च्या जून महिन्यात, काही दिवसांच्या अंतराने, अमेरिकेत पहिल्यांदा तीन ब्लॅक बायकांना पीएचडी मिळाली. शिकागो युनिव्हर्सिटीत जॉर्जियाना सिम्पसन, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत सेडी टॅनर मॉसेल, जी पुढे लग्नानंतर सेडी अलेक्झांडर झाली, आणि हार्वर्डशी जोडलेल्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजात इव्हा डाइक्स. यातली सिम्पसन १९०७ मध्ये शिकागोला बीए करायला आली तेव्हा हॉस्टेलमधल्या काही गोऱ्या मुलींनी तिच्याबरोबर राहायला नकार दिला, डीन बाईंनी तिला राहू दिलं पण प्रेसिडेंटनी तो निर्णय फिरवला आणि तिला खोली सोडायला लावली. पुढे तिने समर टर्म आणि पत्राने चालणारे कोर्स करत करत डिग्री पुरी केली. सेडीला इकॉनॉमिक्सची पीएचडी असून कुठल्या युनिव्हर्सिटीत नोकरी मिळाली नाही, ती नॉर्थ कॅरोलायनाला एका ब्लॅक मालकीच्या इन्शुरन्स कंपनीत कामाला लागली, मग परत येऊन लॉ केलं आणि वकील झाली. केवढं शिकून शेवटी काय!

आणि यात मला सगळ्यात भारी काय वाटतं सांगू, या सगळ्या वॉशिंग्टनमधल्या एकाच शाळेशी जोडलेल्या होत्या. एम स्ट्रीट हायस्कूल, नंतर तिचं नाव डनबार हायस्कूल झालं. सेडी आणि इव्हा तिथे शिकल्या, सिम्पसन आणि इव्हा तिथे शिकवायच्या, आणि त्याच शाळेत लॅटिन शिकवत होत्या अ‍ॅना ज्युलिया कूपर, ज्या गुलामीत जन्मल्या होत्या आणि १९२५ मध्ये, पासष्टी उलटल्यावर, पॅरिसच्या सॉरबॉनमधून पीएचडी झाल्या. कूपरबाईंनी त्याआधी कोलंबियाला पीएचडी सुरू केली होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन जाऊन, १९१४ च्या सुमारास, म्हणजे आपले बाबासाहेब कोलंबियाला होते तेच दिवस. पण मधेच सावत्र भावाची पाच नातवंडं सांभाळायची वेळ आली आणि काही काळ तिथेच राहून शिकायची कोलंबियाची अट काही जमेना. युनिव्हर्सिट्यांनी या बायकांना प्रोफेसर म्हणून घेतलं नाही, म्हणून देशातल्या सगळ्यात जास्त शिकलेल्या ब्लॅक बायका एका हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये एकत्र होत्या. जिथे जागा मिळाली तिथे त्यांनी एकमेकींना धरलं.

पुढे पण हेच झालं. १९७९ मध्ये ब्लॅक विमेन हिस्टोरियन्सची असोसिएशन निघाली, कारण इतिहासाच्या ब्लॅक संघटनांमध्ये पुरुषांचा जोर आणि बायकांच्या संघटनांमध्ये गोऱ्यांचा. १९९४ च्या जानेवारीत एमआयटीमध्ये ब्लॅक प्राध्यापिकांची मोठी कॉन्फरन्स झाली, दोन हजारांच्या आसपास बायका जमल्या, आणि यातल्या कितीतरी जणी आपापल्या डिपार्टमेंटमध्ये एकट्या, तुझ्या मॅडमसारख्या. २०१८ मध्ये दोन तरुण मुलींनी इकॉनॉमिक्समधल्या ब्लॅक मुलींसाठी संस्था काढली तिचं नाव सेडी कलेक्टिव्ह, त्याच सेडीवरून. तर तुझ्या मॅडमच्या घरातला रविवार याच ओळीतला आहे. तिथे त्या मुलींना जे मिळतं त्यातलं महत्त्वाचं म्हणजे आपल्याला झालेली गोष्ट खरंच झाली का याचा पुरावा द्यावा लागत नाही. तू किंवा मी तिथे बसलो की आपल्याला समजावून सांगणं सुरू होतं, आपली इच्छा नसली तरी होतं, आणि मग ती जागा बदलते.

मॅडमना स्वतःला पण तो ग्रुप लागत असणार हे तुझ्या लक्षात आलंय का? आठवडाभर सगळ्यांना देऊन झाल्यावर त्या स्वतः लिहायला कुठे बसतात? बहुतेक तिथेच.

आता जरा तुझ्याकडे वळू. तू म्हणतेस तुला असा ग्रुप नाही. खरंच नाही? अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा एसओपी, म्हणजे अर्जाबरोबरचा निबंध, कोणी वाचला होता? कुठल्या प्रोफेसरला मेल टाकायचा, कोण लवकर उत्तर देतो, जीआरई ही प्रवेश परीक्षा लागते की नाही, व्हिसा इंटरव्ह्यूला काय विचारतात, हे तुला कुठल्या सरकारी वेबसाइटने सांगितलं नसणार, कॉलेजच्या सिनियरने, कोणाच्या तरी दादाने, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या कोणत्यातरी ताईने सांगितलं असणार. एअरपोर्टवर घ्यायला इंडियन स्टुडंट असोसिएशनची गाडी आली असेल, पहिले आठ दिवस कोणाच्या तरी हॉलमध्ये गादी टाकून झोपली असशील. गणपतीला मंडळ आहे. हे सगळं मेंटॉरिंगच आहे बाई, आपण त्याला फक्त "ओळख" म्हणतो. त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी ब्लॅक मुलीने येऊन विचारलं नाही की मला का घेत नाही, आणि कोणी तक्रार पण टाकली नाही. आणि त्या ग्रुपवर आपल्याकडच्या सगळ्या जातीतली मुलं होती का, हा प्रश्न मी इथेच सोडते, तूच त्यांची आडनावं आठवून बघ.

"मी पण ब्राउन आहे" हे वाक्य मला समजतं. परदेशात गेल्यावर पहिल्यांदाच आपल्याला कळतं की आपण कोणाच्या तरी नजरेत वेगळे आहोत, आणि तो धक्का मोठा असतो. पण तुझा धक्का तीन वर्षांचा आहे, त्या मुली त्यातच जन्मल्यात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या आज्यांना दक्षिणेतल्या राज्यांमध्ये मत देऊ दिलं जात नव्हतं. दोघींना त्रास आहे पण त्रास एक नाही. तू जात लिहिलेली नाहीस म्हणून मी काही धरून चालत नाही, पण हे वाचणाऱ्यांमध्ये दलित-आदिवासी मुली पण आहेत आणि त्यांचं नातं जरा वेगळं आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या ब्लॅक विचारवंतांना पत्र लिहिलं, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन. येरवड्याच्या वस्तीत वाढून सिनसिनाटीला इतिहासाच्या प्रोफेसर झालेल्या शैलजा पाईक, ज्यांना २०२४ मध्ये मॅकआरthर ही अमेरिकेतली मानाची फेलोशिप मिळाली, त्यांनी दलित आणि आफ्रिकन-अमेरिकन बायकांच्या एकजुटीवर लिहिलंय. पण बघ, त्यांनी पण ते नातं वाचून, लिहून, वर्षानुवर्षं काम करून बांधलं. रंग सारखा आहे म्हणून दार उघडा असं नाही म्हटलं.

आणि आपल्यातलीच एक फार जुनी आठवण. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कॉलेजमधून १८९१ मध्ये हॅली टॅनर नावाची ब्लॅक मुलगी डॉक्टर झाली, आणि ही हॅली म्हणजे वर सांगितलेल्या सेडीची सख्खी मावशी. सेडीला पीएचडीपर्यंत पोचवणारं घर असं होतं. आनंदीबाईंना पण तिकडे न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई होत्या, त्यांना त्या मावशीच म्हणायच्या, आणि ती ओळख झाली कशी, तर कार्पेंटरबाईंनी एका मासिकात त्यांच्याबद्दल वाचलं आणि आपणहून पत्र टाकलं. परक्या देशात कोणीतरी आपलं लागतंच, तुझी ती गरज अगदी रास्त आहे. ती रविवारच्या त्याच ग्रुपने भागवावी असं मात्र नाही.

तक्रारीचं बोलते आणि जरा कडक बोलते. तो मित्र म्हणतो आजकाल लगेच दखल घेतात, बरोबर म्हणतो, पण का घेतात ते त्याने सांगितलंय का? २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅडमिशनमध्ये वंश बघायला बंदी केली. टेक्सासमध्ये जानेवारी २०२४ पासून सरकारी युनिव्हर्सिट्यांमधली डायव्हर्सिटी ऑफिसं कायद्यानेच बंद झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत फेडरल शिक्षण खात्याने युनिव्हर्सिट्यांना इशाऱ्याचं पत्र पाठवलं आणि लोकांनी तक्रारी टाकाव्यात म्हणून पोर्टलच उघडलं. कोर्टात त्यावर लढाया झाल्या, पण युनिव्हर्सिट्या घाबरून आधीच बरंच काही गुंडाळून बसल्या. अशा हवेत "माझ्या ब्लॅक अ‍ॅडव्हायजर फक्त ब्लॅक मुलींचा ग्रुप चालवतात" अशी एक ओळ कुठल्या फॉर्ममध्ये गेली की ती तुझ्या हातात राहणार नाही. तुला हवाय वेळेत ड्राफ्ट, आणि होणार काय, तर एका बाईची चौकशी, चार-सहा मुलींचा आधार जाणार आणि तुझा ड्राफ्ट तिथेच. वर तू एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आहेस, चौकशीत साक्षीदार म्हणून सहा महिने अडकायची हौस आहे का? अ‍ॅडव्हायजर छळत असेल, पैसे अडवत असेल, अंगचटीला येत असेल तर तक्रार जरूर करावी, ताबडतोब करावी. तुझी केस ती नाही.

मग काय करायचं? पहिलं म्हणजे मॅडमशी बोलायचं, आणि ग्रुपबद्दल एक अक्षर न काढता. आपल्याला शिक्षकांकडे काही मागायची सवय नसते, आपण "मॅम, जेव्हा वेळ होईल तेव्हा" असं लिहितो आणि मग वेळ झाला नाही म्हणून मनात धरून बसतो. त्यांना खरंच कळत नसतं की तुला घाई आहे! मेल साधारण असा टाक: चॅप्टर दोन अमुक तारखेला पाठवला होता, मला प्रपोजल डिफेन्स अमुक महिन्यात करायचाय, त्यासाठी अमुक तारखेपर्यंत तुमच्या कमेंट्स हव्यात. सगळा वाचायला वेळ नसेल तर फक्त मेथडचा भाग बघाल का, पान नऊ ते सोळा, मला तिथे दोन शंका आहेत, त्या खाली लिहिल्यात. पुढच्या ड्राफ्टला किती वेळ धरू ते आपण ठरवूया का, आणि मधे मी आठवण केली तर चालेल ना? बस. गूळ लावू नको, माफी मागू नको. साठ पानं पाठवून "प्लीज सजेस्ट" म्हटलं की ते काम ढिगाच्या तळाशी जातं, आठ पानं आणि दोन प्रश्न असले की माणूस फ्लाइटची वाट बघत बसल्या बसल्या पण उरकतो. बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये मेंटॉरिंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा एक फॉर्म असतो, कोणी वापरत नाही, तो मागून घे, त्यात ड्राफ्टचे दिवस लिहिता येतात.

दुसरं जरा मोठं आहे. आपल्या डोक्यात गुरू एक असतो, आणि तो सगळं देणार, विषय, नोकरी, धीर, घरचं जेवण. आपल्याकडे गाइड म्हटलं की पार त्यांच्या मुलीच्या लग्नात वाढप्याचं काम करण्यापर्यंत नातं जातं, त्यामुळे तिकडे गेल्यावर पण आपण तेच शोधतो. केरी अ‍ॅन रॉकमोर नावाच्या ब्लॅक समाजशास्त्रज्ञ बाईंनी प्राध्यापकांच्या मेंटॉरिंगवर बरंच काम केलंय, त्यांचा भर यावर आहे की एका गुरूच्या मागे लागू नका, तुम्हाला काय काय लागतं ते लिहून काढा आणि प्रत्येकासमोर वेगवेगळी नावं लिहा. तू आज संध्याकाळी हे कर. ड्राफ्ट कोण वाचेल? स्टॅटिस्टिक्स अडलं तर कोण? ग्रँटचा फॉर्म कोणी आधी भरलाय? व्हिसा, टॅक्स? रडू आलं तर कोण? आणि तू हजर नसताना मीटिंगमध्ये तुझं नाव कोण पुढे करेल, हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण चांगलं बोलणारे खूप असतात पण आपली पत पणाला लावून नाव घेणारे कमी. मला खात्री आहे की तुझ्या कागदावर प्रत्येक ओळीसमोर मॅडमचंच नाव येईल. तिथेच अडलंय सगळं. तुझ्या थिसिस कमिटीत अजून लोक आहेत ना, ते काय फक्त सही करायला आहेत? त्यातल्या एकाला चॅप्टरचा एक तुकडा पाठव, मॅडमना सांगून. बहुतेक वेळा त्यांना हायसंच वाटतं.

तिसरं, तुझा स्वतःचा ग्रुप काढ. याला ना ऑफिस लागतं ना परवानगी. तीन-चार जणी पुरे, दहा झाल्या की गप्पाच होतात. वार आणि वेळ ठरलेली हवी, "जमेल तेव्हा" वर कुठलाही ग्रुप टिकत नाही. सुरुवातीला प्रत्येकीने आज काय लिहिणार ते एका वाक्यात सांगायचं, पन्नास मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत, मग दहा मिनिटं चहा, परत पन्नास मिनिटं. शेवटी जेवण हवंच, ते वगळू नको, मॅडमच्या घरी पण ते उगाच नसतं. फक्त मराठी किंवा फक्त इंडियन मुली शोधू नको. इराणची, नायजेरियाची, नेपाळची, तुझ्याच गावाएवढ्या छोट्या गावातून आलेली गोरी मुलगी पण असेल जिच्या घरात कॉलेजला जाणारी ती पहिली आहे, तिला पण एसओपी वाचणारा दादा नव्हता. कोणाला काय लागतंय ते बघून जमव.

रविवारच्या मुलींशी नातं जोडायचंय? जोड की, कोण नको म्हणतंय. त्यांची प्रेझेंटेशन्स असतात, जा आणि पुढच्या रांगेत बस. तुझ्या विषयातल्या ब्लॅक बायकांचं काम वाच आणि आपल्या पेपरमध्ये नाव घेऊन वापर, तू पब्लिक हेल्थमध्ये आहेस, तिथे बाळंतपणात दगावणाऱ्या ब्लॅक बायकांवरचं बरंच महत्त्वाचं काम त्यांनीच केलंय. एखादीबरोबर कॉफीला जा आणि ग्रुपबद्दल नको, तिच्या रिसर्चबद्दल विचार. मॅडमवर पडणाऱ्या कामातलं तुझ्या हातचं काही असेल, नवीन इंटरनॅशनल मुलांना हाताशी धरणं वगैरे, तर ते उचल, हो पण आपला चॅप्टर बाजूला ठेवून नको, नाहीतर पुढच्या वर्षी तूच मला वेगळं पत्र लिहिशील.

हे वाचणाऱ्यांमध्ये इकडच्या युनिव्हर्सिट्यांमधल्या पण काही जणी असणार, पुण्यात, नागपूरला, गोव्याला, डिपार्टमेंटमधल्या एकमेव दलित किंवा आदिवासी प्राध्यापिका, ज्यांच्या केबिनमध्ये स्कॉलरशिप अडकलेली, हॉस्टेलमध्ये टोमणे खाल्लेली सगळी पोरं येऊन बसतात. तुमच्यासाठी एवढंच की त्या भेटी वहीत टिपून ठेवा, तारीख, वेळ, कशासाठी, नाव न लिहिता, आणि प्रमोशनच्या फॉर्मबरोबर तो आकडा जोडा. कोणी विचारणार नाही, तरी जोडा. आणि आठवड्यातली एक वेळ दार बंद ठेवा.

राहता राहिलं अ‍ॅडव्हायजर बदलायचं. तो पर्याय वाईट नाही, लोक बदलतात, जग बुडत नाही. पण आधी वरचा मेल टाक आणि एक सेमिस्टर जाऊ दे. ठरलेल्या तारखा दोन-तीनदा हुकल्या तर डिपार्टमेंटचा पीएचडी प्रोग्रॅम बघणाऱ्या ग्रॅज्युएट डिरेक्टरकडे जा आणि फक्त तारखा दाखव, बाकी काही बोलू नको. त्याच प्रोग्रॅममध्ये राहून अ‍ॅडव्हायजर बदलला तर व्हिसाला सहसा धक्का लागत नाही, पण तुझं फंडिंग मॅडमच्या ग्रँटमधून येत असेल तर मामला वेगळा, आणि शिक्षण लांबणार असेल तर आय-२० ची, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या कागदाची, तारीख संपायच्या आत वाढवून घ्यावी लागते, तेव्हा कोणालाही काही कळवायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसची अपॉइंटमेंट घे, आणि पगाराचं पत्र बरोबर ने, त्यात बरेचदा अकाउंटचं नाव असतं, त्यावरून पैसे कोणाकडून येतात ते कळायला मदत होते.